बांबूचा ब्रश राहू द्या, आधी ओला कचरा बघा

हल्ली पर्यावरण म्हटलं की लोक आधी शॉपिंगला निघतात. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, वर दोनशे रुपयांची कापडी पिशवी, जिच्यावर 'सेव्ह अर्थ' लिहिलेलं असतं, आणि घरात आधीच्याच दहा पिशव्या दाराच्या हुकाला लटकलेल्या. वापरा बापडे, माझं काही म्हणणं नाही, पण मला विचाराल तर पुण्यात राहणाऱ्या माणसाने सुरुवात सिंकखालच्या डब्यापासून करावी.

कारण आपला कचरा 'जातो' म्हणजे कुठे जातो, हे पुणेकरांना चांगलंच माहितीये. शहराच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं त्याचा वास सोसलाय, आंदोलनं केलीत, गाड्या अडवल्यात. भाजीची देठं, उरलेला भात, चहाचा चोथा हे सगळं ढिगाऱ्यात दबून हवेशिवाय कुजलं की त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांचा हिशोब केला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरून ठेवतो. तेच देठ घरच्या कुंडीत हवेशीर कुजलं तर खत होतं. म्हणजे देठ तेच, फरक फक्त जागेचा.

आमच्याकडे गॅलरीत भोकं पाडलेली एक बादली आहे. तळाला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर मूठभर सुकी पानं, आणि पहिल्यांदा विरजण म्हणून आंबट ताक शिंपडायचं, एवढंच. दर दोन-तीन दिवसांनी खाली-वर करायचं. वास आला तर समजा पाणी जास्त झालंय, पानं वाढवा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याच तर कामाला लागलेल्या असतात (सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, अजूनही त्या गॅलरीच्या त्या टोकाला जात नाहीत). आंब्याची कोय मात्र काही केल्या कुजत नाही, मी बाजूला काढून ठेवते. तेलकट उरलंसुरलं आणि मटणाची हाडं घालत नाही, उंदीर येतात.

पानांसाठी एक भांडण चालूच असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर सोसायटीत रेन ट्रीच्या बारीक पानांचा नुसता सडा पडतो, खताला याच्याइतकी छान पानं नाहीत, आणि आमचे वॉचमनमामा त्यांचा ढीग करून काडी लावतात. "मामा, एक पोतं माझ्यासाठी ठेवा हो" म्हटलं की "ताई, चेअरमन म्हणतात साफ दिसायला पायजे" हे उत्तर. आता मीच सकाळी लवकर खाली उतरून पोतं भरते. धूर कमी आणि माझं काम पण होतं.

आणि हो, डब्यातला ओला गेला की सुका कचरा खरंच सुका राहतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे ती. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा हे त्या वेगळं काढून विकतात, त्यातून त्यांना चार पैसे मिळतात. त्याच पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो मातीमोल. पॅड्स आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायचे, म्हणजे त्यांना ते हाताने उघडून बघावं लागत नाही. ह्याला काही खर्च नाही, एक लाल पेन लागतो, तरी आमच्या मजल्यावर अर्धे लोक करत नाहीत, आणि पार्किंगमध्ये क्लायमेट चेंजवर तासभर बोलतात!

ज्यांना पैशाची भाषा कळते त्यांच्यासाठी: गांडूळ खत, सोलर किंवा पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर मनपा मिळकत करात सूट देते, एक प्रकल्प असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10. आमच्या मीटिंगमध्ये विषय पर्यावरणाचा होता तोवर सगळे मोबाईलमध्ये, ही सूट सांगितल्यावर गांडूळ खताच्या पिटचं कोटेशन मागवायचं ठरलं. पुढच्या मीटिंगला ते येतंय, तोवर माझी बादली आहेच.