मलप्रभेच्या काठानं, पाषाणभेद हुडकत

भाची एडिंबरोला शिकते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं तिथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधल्या रॉक गार्डनचे फोटो पाठवले. दगडांच्या सापटीतून वर आलेले पांढरे स्नोड्रॉप, जांभळे क्रोकस आणि एका खडकाला चिकटून बसलेली बारक्या फुलांची उशी. खाली लिहिलेलं, "मामा, ह्या उशीला सॅक्सिफ्राज म्हणतात. लॅटिनमध्ये अर्थ होतो दगड फोडणारा. म्हणजे आपला पाषाणभेदच की! आपल्याकडं तो आत्ता फुलतो काय?"

रॉक गार्डन म्हटलं की मला चंदीगडच आठवतं, आणि तिथं बघायचे ते फुटक्या बांगड्यांचे आणि कपबश्यांचे पुतळे. पण प्रश्न डोक्यात बसला. पाषाणभेद हे नाव आपल्याकडं एकाच झाडाचं नाही. हिमालयात खडकाच्या कपारीत वसंतात गुलाबी फुलं धरणारी बर्जेनिया हा एक पाषाणभेद, आणि ती सॅक्सिफ्राजच्याच कुळातली. दक्षिणेत हेच नाव एका नदीतल्या झुडपालाही देतात. त्याचं शास्त्रीय नाव रोटुला अॅक्वाटिका. दोन्ही मुतखड्यावर वापरतात, त्यामुळं 'दगड फोडणारा' हे नाव दोन्हीकडून लागू पडतं. बेळगावात राहून हिमालय कुठला गाठणार? नदी मात्र हाताशी होती.

आत्येभावाची गाडी काढली. ठरवलं असं की मलप्रभा धरूनच जायचं. कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ ती उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला डोंगर कापून पुढं जाते. कणकुंबीत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सौंदत्तीत सहाशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीवर दोन हवामानं.

पहिली चूक कणकुंबीतच केली. फुलं बघायची म्हणून सकाळी आठला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर चढलो. कासचे फोटो डोक्यात होते, दुसरं काय! वर नुसता काळपट जांभा, करपलेलं गवत आणि वारा. दोन तास घालवून हाताला एक धड फूल लागलं नाही. आत्येभाऊ म्हणाला, "ओ, स्मशानात आणलासा की मला." नंतर उमगलं की चूक सड्याची नव्हे, माझी. एडिंबरोचा दगड थंडीत झोपतो आणि थंडी सरली की जागा होतो. स्नोड्रॉपनं गेल्या साली कंदात साठवलेलं अन्न त्याला मातीतून वर ढकलतं. आमच्या सड्यावरचे कंदही झोपतात, पण ते उन्हाळ्यात. त्यांचा वसंत जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर. तेव्हा फेब्रुवारीत कणकुंबी-चोर्ला भागात येणार असाल तर सड्यावर वेळ घालवू नका, जांबोटीच्या रस्त्याकडेला बघा.

तिथं डोंगर कापून रस्ता काढलाय. त्या कापलेल्या उघड्या जांभ्यावर धायटी पेटलेली असते. फांदीभर लालकेशरी नळ्या. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं, म्हणजे आंबवलेली औषधं करताना हीच फुलं घालतात. अंजनीच्या फांद्यांना निळे झुबके लागले होते, पण तुरळक. अजून दोन आठवड्यांनी जास्त दिसतील. करवंदीचा वास गाडीची काच खाली केल्याबरोबर आत आला. आणि एका झाडाच्या खोडावर, पानं झडलेल्या काड्यांवर पांढऱ्या फुलांची ओळ: डेंड्रोबियम बार्बॅट्युलम हे ऑर्किड. ते तोडून घरी नेऊ नका. रस्ता सोडून झाडीत शिरू नका. खानापूर तालुक्यात अस्वलं आहेत आणि भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

दुपारी खानापूरजवळ असोग्याला पोचलो. रामलिंगाचं देऊळ आहे, सुट्टीच्या दिवशी पोरासोरांची सहल असते, म्हणून मधला वार गाठा. पाणी उतरून पात्रातला काळा कातळ उघडा पडलेला होता. मी चप्पल हातात घेऊन दगडांच्या फटी बघत फिरायला लागलो. कपडे धुणाऱ्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या.

"काय हुडकुलालाय ओ? अंगठी पडली काय?"

"फूल हुडकतोय, मावशी."

"ह्या दगडात फूल?" त्या हसल्या. मग हातातलं कापड पिळत म्हणाल्या, "ते खाली झुडपं हाईत बघा, पायात येत्यात. त्यास्नी असत्यात बारकी."

त्यांनी दाखवलं तिकडं आधी भेटली ती शेरणी. कण्हेरीसारखी लांब पानं, नर आणि मादीची झुडपं वेगवेगळी, नराला तांबूस तुरे. पावसाळाभर ही पाण्याखाली आडवी झोपलेली असते, मुळ्या मात्र कातळ सोडत नाहीत. एक फांदी ओढून बघितली तर मीच घसरलो, ती हलली नाही. आणि तिच्या पायथ्याशी, दोन दगडांच्या मधे, गुडघ्याएवढं झुडूप. पानं लहान चमच्यासारखी, टोकाला करंगळीच्या नखाएवढी फिकट गुलाबी-जांभळी फुलं. हाच पाषाणभेद. वाकून नाक लावलं तर वास नदीच्या शेवाळाचाच आला. फटीत बोट घातलं, माती चिमूटभरही नव्हती, नुसती ओली रेती.

इथं पाण्याची वेळ पाळायला लागते. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत पात्र पुरेसं उघडं असतं. शेवाळावर प्लॅस्टिकची चप्पल साफ घसरते, कापडी बूट भिजले तरी चालतील. एकटे उतरू नका. आणि औषध म्हणून मुळं उपटू नका. मुतखडा असेल तर डॉक्टर गाठा, झुडूप आपल्या जागी राहू दे.

दुसऱ्या दिवशी बैलहोंगलवरून सौंदत्ती. बेळगावपासून ७५-८० किलोमीटर. माघ पौर्णिमेच्या आगेमागे अजिबात जाऊ नका. यल्लम्माच्या यात्रेला गाड्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या सगळा रस्ता धरतात आणि भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली असतात. ते बघायचं असेल तर तो वेगळा प्रवास. आम्ही पौर्णिमा उलटून चार दिवसांनी गेलो तरी चहाला रांग होती.

नविलु म्हणजे कन्नडमध्ये मोर. नविलुतीर्थाला नदी तांबूस वालुकाश्मातून वाट काढते. कणकुंबीची ओल इथं कुठंच नाही, दहा वाजताच दगड तापलेला. आणि त्या तापल्या उतारावर एकही पान नसलेलं एक वाकडंतिकडं झाड, टोकाटोकाला वाटीएवढी पिवळीजर्द फुलं. गणेर, कुणी सोनसावरही म्हणतं. ह्या एका झाडाखाली आम्ही तासभर बसलो. पानं टाकून दिल्यामुळं झाडाचं पाणी वाचतं आणि फूल लांबून दिसतं. फुलात मध नसतो, फक्त पराग, तोही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकातून बाहेर येतो. काळा भुंगा आला की फुलाला मिठी मारतो, पंख थांबवतो आणि अंग थरथरवतो. उडतानाची घूंऽऽ एकदम चढून चिरकी होते आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर सांडते. आत्येभाऊ, जो सड्यावर कंटाळला होता, तोच मोबाईल धरून "परत कर रे, परत कर" म्हणत भुंग्याला विनवत होता.

इथं पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या, सावली मिळत नाही. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली आहेत, म्हणून अत्तर लावू नका, आरडाओरडा नको. धरणाच्या बाजूला कॅमेरा काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा. बसनं येणार असाल तर सौंदत्तीत उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरकडून विचारून घ्या, कन्नडमध्ये विचारलं तर जास्त नीट सांगतात. मार्च लागला की उन्हामुळं नऊच्या आत बघून होतं तेवढंच.

रात्री भाचीला असोग्याचा फोटो पाठवला. उलट टपाली प्रश्न, "हे एवढंच? माझ्या सॅक्सिफ्राजची उशी केवढी मोठी!"

म्हटलं, "तुझी उशी चार महिने पाण्याखाली ठेव आणि मग सांग."