स्कोप एका संध्याकाळी, रिंगा पाच आठवड्यांनी

तीन पार्सलं, पाच आठवडे, आणि परत पाठवण्याचा भुर्दंड वेगळा. हा हिशेब स्कोपचा, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचा, नाही, स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या दोन रिंगांचा आहे. स्कोप तर एका संध्याकाळी ठरला होता. इथे पेन्सिल्व्हेनियात रेंजवर पॉइंट टू-टू (.२२ ची छोटी रायफल) घेऊन येणारे आपले लोक भेटतात, तेव्हा ‘स्कोप कुठला घेतलास?’ एवढंच विचारतात. रिंगांचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

रायफल सीझेड ४५७, काडतूस .२२ एलआर (लाँग रायफल). बजेट रिंगांसकट दोनशे डॉलर. नेम कागदावर, बहुतेक २५ आणि ५० यार्डांवर, कधीतरी १००.

स्कोपचं आधी उरकतो. स्वस्तातला स्कोप घेताना पॉवरच्या (किती पट मोठं दिसतं त्या) आकड्याआधी पॅरॅलॅक्स बघा, म्हणजे डोळा हलला की स्कोपातली फुली टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते ती चूक. मोठ्या सेंटरफायर रायफलींसाठीचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात, रिमफायरचे, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलींचे, ५० किंवा ६० वर. फरक काय पडतो ते बघायचं असेल तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात न लावता मागून बघा आणि डोकं थोडं वर-खाली करा. रायफल हललेली नसते, तरी फुली टार्गेटवर सरकताना दिसते. ही चूक जास्तीत जास्त किती, त्याचं गणित सोपं आहे: पुढच्या काचेचा अर्धा व्यास गुणिले अंतरातला फरक, भागिले स्कोप जुळवलेलं अंतर. १०० यार्डांवर जुळवलेला ४० मिलिमीटरचा स्कोप २५ यार्डांवर वापरला, तर २० गुणिले ७५ भागिले १००, म्हणजे १५ मिलिमीटर. पॉइंट टू-टूची गोळी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे गाल नेमका न टेकल्याची शिक्षा जवळजवळ तीन भोकांएवढी. ५० यार्डांवर जुळवलेल्या ३२ मिलिमीटरच्या स्कोपात तीच चूक ८ मिलिमीटरवर येते.

म्हणून मी व्हॉर्टेक्सचा क्रॉसफायर टू, २-७×३२ रिमफायर घेतला (दोन ते सात पॉवर, पुढची काच ३२ मिलिमीटर). पॅरॅलॅक्स ५० यार्डांवर, ट्यूब एक इंचाची. ल्युपोल्डच्या व्हीएक्स-फ्रीडम मालिकेतले रिमफायर स्कोपही चांगले, पण मग रिंगांना पैसे उरत नव्हते. सात पॉवर कमी नाही का? ५० यार्डांवर पुरते. याच पैशांत २४ पॉवर देणारा स्कोप मिळतो, पण वरच्या पॉवरला त्यातलं चित्र दुधाळ होतं आणि डोळा जागेवरून जरा हलला की काळं पडतं. ३२ ला ७ ने भागा, साडेचार मिलिमीटरचा प्रकाश डोळ्यात येतो. ४० ला २४ ने भागून बघा.

आता रिंगा.

पहिल्या पार्सलवर ‘रिमफायर रिंग’ असं स्वच्छ लिहिलं होतं. हे शब्द काहीही सांगत नाहीत. सीझेड ४५७ च्या माथ्यावर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच (रिंगेच्या जबड्याने पकडायची तिरप्या कडांची खाच) थेट कोरलेली असते. आलेल्या रिंगांचा जबडा वीव्हर पट्टीचा (रिंगा बसवायच्या दुसऱ्या, रुंद प्रकारच्या पट्टीचा) होता, म्हणजे सात-अष्टमांश इंच, सुमारे २२ मिलिमीटर. स्क्रू शेवटपर्यंत आवळला तरी रिंग खुळखुळत होती. रुगर १०/२२ रायफलवाल्यांचा हा त्रास वाचतो, कारण तिच्यासोबत येणारी पट्टी दोन्ही प्रकारच्या रिंगा घेते. बाकीच्यांनी आपल्या रायफलच्या माथ्यावर कॅलिपर लावून आकडा लिहून घ्यावा आणि मगच ऑर्डर करावी.

दुसऱ्या पार्सलमध्ये जबडा बरोबर, उंची चुकीची. ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ ही मापं नाहीत, प्रत्येक कारखान्याची आपापली समजूत आहे. आकडा दिला असला तरी फसायला होतं. कुणी पट्टीच्या माथ्यापासून ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतो, कुणी ट्यूबच्या बुडापर्यंत. एक इंचाच्या ट्यूबला या दोन पद्धतींत अर्ध्या इंचाचा, १२.७ मिलिमीटरचा फरक पडतो. मी मध्यापर्यंतचं माप समजून घेतल्या, ती निघाली बुडापर्यंतची. स्कोप तंबूसारखा वर गेला. गाल दस्त्यावर टेकवला की काचेत अर्धचंद्र, पूर्ण चित्र हवं तर गाल अधांतरी. आणि गाल अधांतरी म्हणजे वर सांगितलेली पॅरॅलॅक्सची चूक मागच्या दाराने परत घरात!

दुकानाचं उत्तर आलं: ‘उत्पादन वर्णनाप्रमाणेच आहे.’ मोजायचं कुठपासून कुठपर्यंत, हे त्या वर्णनात नव्हतंच. मग मी कॅलिपर लावलेला फोटो पाठवला. चार दिवस शांतता. नंतर दुसराच माणूस, पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न. शेवटी रिंगा बदलून दिल्या, परतीचं भाडं मात्र माझ्याच खिशातून. संतापाच्या भरात हाय रिंगांवरच भागवून गालाखाली फोमची पट्टी चिकटवणार होतो, नाही चिकटवली ते बरं झालं.

उंची अशी काढा. स्कोपच्या पुढच्या घंटेचा बाहेरचा व्यास मोजा (काचेचा नव्हे) आणि अर्धा करा. त्यात मोकळ्या जागेचे ३ मिलिमीटर मिळवा. डव्हटेलवर सरळ पट्टी ठेवून ती नळीच्या किती वर राहते ते मोजा आणि तेवढं वजा करा. समजा घंटा ४० ची आणि नळी ४ मिलिमीटर खाली: २० अधिक ३ वजा ४, म्हणजे १९. रिंगेची मध्यापर्यंतची उंची किमान एवढी हवी, आणि फार जास्तही नको. नळीवर मागची उघडी साइट असेल तर घंटा तिच्यावर आपटत नाही ना, तेही बघा. बोल्टचा (काडतूस आत सारणाऱ्या खिट्टीचा) दांडा मागच्या काचेला घासतो का हा प्रश्न ४५७ वर सहसा येत नाही, तिचा बोल्ट ६० अंशांतच उघडतो. जुन्या ४५५ चा ९० अंश वर येतो, तिथे जपा. दुकानाला प्रश्न एकच विचारा आणि उत्तर लेखी घ्या: पट्टीच्या माथ्यापासून ट्यूबच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर?

बसवणं आणि झिरो करणं, म्हणजे फुली आणि गोळी एका जागी आणणं, एका सकाळचं काम. रिंगांचे वरचे स्क्रू आलटून पालटून, १५ ते १८ इंच-पाउंडाच्या पिळाने आवळा, त्याहून जास्त नाही, ट्यूब चेपते. बोल्ट काढून नळीतून २५ यार्डांवरचं टार्गेट बघा आणि फुली तिथेच आणा. पाव एमओएची (एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डांवर सुमारे एक इंच) एक क्लिक २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग हलवते, म्हणजे एक इंच चुकलं तर १६ क्लिक. नॉबवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, फुली नाही. मग ५० वर पक्कं करा. १०० वर गोळी सहा-सात इंच खाली पडेल, तो स्कोपचा दोष नाही.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: झिरो करताना एकाच डब्यातली काडतुसं वापरा. गोळीचा वेग सेकंदाला फुटांत बघा, १०७० वाली आणि १२३५ वाली गोळी एकाच भोकात जात नाही. गावाकडच्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर हा स्कोप लावायचा मोह आवरा. तिचा धक्का मागे बसतो आणि लगेच पुढेही, आणि त्या पुढच्या धक्क्यासाठी न बनवलेल्या स्कोपाच्या आतल्या काचा ढिल्या होतात. इथून स्कोप बॅगेत घालून नेण्याचा बेत असेल तर रायफल स्कोपवर अमेरिकेचं निर्यात नियंत्रण आहे, आधी नियम वाचा.

पहिल्या पार्सलमधल्या वीव्हर रिंगा अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्या परत पाठवायचं भाडं त्यांच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत होतं.