एअर काढल्यावर चालणारी गाडी

"एअर पकडलीय, ताई. दहा मिनिटं द्या." बॉनेट वर करायच्या आधीच आमच्या ड्रायव्हरकाकांचं निदान झालेलं होतं.

आम्ही एका स्वयंचलित हवामान केंद्राकडे निघालो होतो. दहा मीटरचा खांब, वर वाऱ्याचा मापक, खाली पर्जन्यमापक आणि एका पेटीत बॅरोमीटर व नोंदी साठवणारा लॉगर. चार दिवस तिथून नोंदी येत नव्हत्या, म्हणजे बहुधा बॅटरी गेलेली. शेवटच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, तिथून केंद्र २९० किलोमीटर. मध्ये गाव नाही, सावली नाही, फोनला रेंज नाही. सोबत वीस लिटर पाणी, वीस लिटर डिझेलचा कॅन आणि आमच्या वाट्याला आलेली जुनी जीप. तिचा डिझेलचा काटा कधीच मेला होता, त्यामुळे काका प्रत्येक थांब्याला टाकीत काठी बुडवून बघत.

पहिल्यांदा बंद पडली ती ३१ किलोमीटरवर. आधी ओढ कमी झाली, मग झटके, मग शांतता. जुन्या डिझेल इंजिनाला फार काही लागत नाही. आमचं तर बंदसुद्धा दोरी ओढून करावं लागे. फक्त डिझेलमध्ये हवा नको. इंजिनाच्या पंपाने कितीही जोर लावला तरी हवेचा बुडबुडा नुसता दबतो, इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर उघडतच नाही. काकांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला घेतला. स्क्रूच्या आट्यांतून आधी ताकासारखा फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, काठी बुडवून झाली, सेल मारला. चालू!

पुढे ४९ किलोमीटर गेलो आणि पुन्हा तेच. त्यानंतर ७८. मी मनातल्या मनात खूश, कारण अंतर वाढत चाललं होतं. "आता सगळी एअर निघाली," काका म्हणाले. तिसऱ्या थांब्याला त्यांनी टाकी हलकी वाटते म्हणून कॅनमधलं पंधरा-सोळा लिटर ओतलं. त्यानंतर जेमतेम ३५ किलोमीटर! साहजिकच आळ कॅनवर गेला. कॅनमध्ये पाणी असणार, भरणाऱ्याने बघितलं नसणार. काकांनी भरणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार केला, मीही थोडी भर घातली.

खरं सांगायचं तर तेव्हा मला भीती वाटायला लागली होती. १९३ किलोमीटर आत आलो होतो, ऊन कलत होतं. काका फिल्टर सोडवायला वाकले आणि म्हणाले, "तेवढी काठी तुम्ही बुडवा."

झाकण फिरेना. "नवीन आहे, घट्ट बसतं. जुनं हरवलं म्हणून गेल्या आठवड्यात गॅरेजवाल्याने दिलं," काका तिकडून ओरडले. रुमाल गुंडाळून जोर लावला तेव्हा कुठे ते हललं, आणि टाकीने श्वास घेतला. सुस्स्स्, चांगला चार-पाच सेकंद. दिवसभर वारा कानात घोंघावत होता, तो नुकताच पडला होता, म्हणून ऐकू आलं. रुमालाचं टोक टाकीच्या तोंडाकडे ओढलं गेलं.

"काका, टाकी हवा आत ओढतेय!"

झाकण उलटं करून बघितलं. चकचकीत, सपाट, रबराचं वॉशर आणि भोक कुठेच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी; ती येत नव्हती, म्हणून टाकीत निर्वात वाढत होता. शेवटी पंपाला डिझेल ओढवेना आणि वाटेतल्या सैल जोडांतून तो हवा ओढू लागला. फेस खरा होता, एअरही खरी होती. पण गाडी सुरू होत होती ती काठी बुडवायला झाकण उघडल्यामुळे.

सवयीने मी प्रत्येक थांब्याचे किलोमीटर वहीत लिहिले होते: ३१, ४९, ७८, ३५. आता ते आकडे बोलू लागले. टाकी भरलेली असताना वर हवेला जागा थोडीच, तीन लिटर जळलं की दाब झपाट्याने उतरणार. टाकी रिकामी होत गेली तशी हवेची जागा वाढली आणि गाडी जास्त पळाली. कॅन ओतून आम्ही ती जागा पुन्हा भरून टाकली. बिचारा कॅनवाला!

काका बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले. "एवढी वर्षं गाडी चालवतो मी," एवढंच म्हणाले आणि झाकण सीटखाली टाकलं. टाकीच्या तोंडावर माझा रुमाल दुहेरी करून, धूळ आत जाणार नाही असा सुतळीने बांधला.

उरलेल्या वाटेत गाडी एकदाच थांबली. तीही काकांनीच थांबवली, रुमाल जागेवर आहे का बघायला.