हातावर पडणारा थेंब

सेफ्टी ऑफिसर म्हणून बांधकामाच्या साइटवर मला चौदा वर्षं झाली. मोठे अपघातही पाहिलेत. पण गेले दोन महिने डोक्यात घोळतोय तो अगदी लहान अपघात. रजिस्टरमध्ये दोन ओळींत त्याची नोंद संपली.

तिसऱ्या मजल्यावर टाइल्सचं ग्राउटिंग, म्हणजे फटी सिमेंटने भरायचं काम, झालं होतं. फरशीवर सुकलेला सिमेंटचा पापुद्रा काढायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा कॅन आणून ठेवला होता. टाइल्सवाल्या टोळीतल्या एका मामांचे हात ग्राउटने माखलेले. त्यांनी झाकण उघडलं, थोडं अ‍ॅसिड तळहातावर घेतलं आणि साबण चोळावा तसे हात चोळले. फेस आला, सिमेंट सुटलं. शेजारी दोघं उभे होते, त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. थोड्या वेळाने नखांच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत आग सुरू झाली.

मी पोचले तेव्हा ते फडक्याने हात पुसत होते. त्यांना नळावर नेलं, बोटातली अंगठी काढायला लावली आणि मनगटं धरून दोन्ही हात पाण्याखाली ठेवले. कुणीतरी सोडा आणायला धावला, त्याला परत बोलावलं. अ‍ॅसिडवर सोडा टाकायचा नसतो. भाजलेल्या कातडीवर आणखी एक रासायनिक क्रिया नको असते. वाहतं पाणी, आणि तेही वीस मिनिटं. ही वीस मिनिटं फार लांब असतात. तिसऱ्या मिनिटालाच माणूस म्हणतो, झालं, बरं वाटतंय, आणि हात काढून घेतो. तिथे नेट लावून धरावं लागतं.

त्याच वीस मिनिटांत मी विचारलं, "मामा, कॅनवर धोक्याचं चिन्ह आहे. दिसलं नाही का?"

"दिसलं ना मॅडम. म्हणून तर घेतलं. हातावर ओतायचं चित्र आहे त्याच्यावर."

मी मान वर केली. नळाच्या वर मीच लावलेली पाटी होती: निळा गोल, आत पांढऱ्या रंगात हात आणि वरून पडणारं पाणी. 'हात धुवा.' कॅनवर लाल किनारीचा चौकोन, टोकावर उभा केलेला, आत दोन नळ्या. एकीतून थेंब धातूच्या पट्टीवर पडतात, दुसरीतून हातावर. दोन्हीकडे हात, दोन्हीकडे वरून पडणारा थेंब. अ‍ॅसिडने हात खाल्ला जातोय हे दाखवायला चित्रात हातावर एक खाच आणि वाफेच्या दोन-तीन बारीक रेघा आहेत. कॅनवर ते चित्र माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं होतं आणि त्यावर ग्राउटचे शिंतोडे उडालेले.

मला आधी चौकट दिसते. लाल गोलावर तिरकी रेघ म्हणजे करू नका, निळा गोल म्हणजे केलंच पाहिजे, पिवळा त्रिकोण म्हणजे सावध, हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट किंवा प्रथमोपचार. लाल किनारीचा उभा चौकोन दिसला की रसायन, हे माझ्या डोळ्याला इतकं सवयीचं झालंय की आतलं चित्र मी नंतर बघते. मामांना आधी चित्र दिसलं, आणि त्यांनी ते बरोबर वाचलं. हातावर काहीतरी पडतंय, एवढंच ते चित्र सांगतं. ते चांगलं की वाईट, हे चौकट सांगते, आणि चौकटीची भाषा त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. नव्या कामगारांना माहिती देतो त्या इंडक्शनला आम्ही एका तक्त्यावरची पन्नासेक चिन्हं छडी फिरवत दाखवतो आणि सही घेतो. त्या कागदावर मामांचीही सही आहे.

ऑडिटच्या फॉर्ममध्ये 'चिन्हं लावली आहेत का' हा रकाना असतो. 'कळली आहेत का' हा मी कुठल्याही फॉर्मवर पाहिलेला नाही. खरं तर हे तपासायची पद्धत जगात केव्हाची आहे. अमेरिकेच्या झेड ५३५.३ या मानकात चिन्ह लोकांना दाखवून अर्थ विचारतात. किमान ८५ टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात, आणि नेमका उलटा, जिवावर बेतणारा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. मामांनी लावला तो अर्थ या दुसऱ्या गटातला. म्हणजे असं होऊ शकतं हे चिन्हं तपासणाऱ्यांना माहीत होतं. मला व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, मी काहीच सांगितलं नाही. कार्डं दाखवली आणि फक्त विचारलं, काय दिसतं? वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासताना दोरी बांधून आम्ही किरणोत्साराची तीन पात्यांची पाटी लावतो. बहुतेकांचं उत्तर, पंखा. एकाने विचारलं, आत मोठा ब्लोअर आहे ना? माणसाच्या छातीवर फुटलेली चांदणी असते, शरीराच्या आत दीर्घकाळ नुकसान करणाऱ्या पदार्थांची खूण. ती पाहून एक पोरगा म्हणाला, ताकद येते. कुणी हसलं नाही, कारण इतरांनाही तसंच वाटत होतं. फक्त हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस सगळ्यांनी ओळखला.

आता मी रोज एकच चिन्ह घेते. आधी ते सांगतात, मग मी. ठेकेदाराला ही दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात आणि तो ते तोंडावर सांगतो. त्याचं म्हणणं मी ऐकून घेते, पण दहा मिनिटं सोडत नाही. नळावरची निळी पाटी काढावी का, हे मात्र अजून ठरत नाहीये. हात तर धुवायलाच हवेत.

मामा बारा दिवसांनी कामावर आले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून नवी गुलाबी आली होती. आल्या आल्या मला सिमेंटच्या गोदामात घेऊन गेले आणि एका पिशवीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तेच चित्र आहे मॅडम. ह्याच्यात तर मी तीस वर्षं हात घालतोय."

मी त्यांना सांगितलं की ओलं सिमेंट अ‍ॅसिडच्या उलट, तीव्र अल्कली असतं, त्याचा पीएच १२ च्या वर जातो, ते अ‍ॅसिडसारखं लगेच झोंबत नाही, काही तासांनी कळतं, आणि तोवर कातडी आतपर्यंत गेलेली असते. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्यांचे गुडघे असेच जातात.

त्यांनी काही न बोलता पँट वर सरकवली आणि गुडघ्यांवरचे जुने काळे डाग मला दाखवले.