ढोरायत असते काय हो असं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एकदाच लिहितो. पुढच्या वेळी गाय तपासून हात धुताना कोणी हा विषय काढला की हा कागद पुढे करता येईल.

प्रश्नाची तऱ्हा ठरलेली. आधी इकडेतिकडे बघायचं, मग आवाज उतरवायचा: "डाक्टर, ढोरायत असते काय हो असं?" 'असं' म्हणजे नराने नराकडे, मादीने मादीकडे जाणं, पण ते तोंडाने कोणी बोलत नाही. विचारणारे दोन जातींचे. एकाला 'नाही' ऐकायचं असतं, म्हणजे सप्ताहात बुवांनी सांगितलेलं पक्कं होतं. दुसऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, आणि त्याच्या घरात कोणीतरी असतं. खरं उत्तर दोघांनाही पुरत नाही.

तर असतं. आणि तुम्ही ते दर तीन आठवड्यांनी स्वतःच्या कोठ्यात बघता. गाय माजावर आली की दुसऱ्या गाईवर चढते, दुसरी तिच्यावर चढते. ते बघून तुम्हीच फोन करता. फक्त वर कोण आणि खाली कोण, हे सांगताना गडबड करता. वर चढणारी माजावर असेल किंवा नसेलही, कदाचित उद्या येणार असेल. अंगावर दुसरी चढली तरी जी दगडासारखी उभी राहते, पुढे सरकत नाही, ती खऱ्या माजावर. शेपटीच्या बुडाशी केस विस्कटलेले, कुशीला चिखलाचे खुरांचे ठसे, मागून काचेसारखी चिकट स्रावाची तार. सकाळी अशी दिसली तर संध्याकाळी कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. वरचीला कांडी भरली तर कांडी वाया, आणि खालचीचे २१ दिवस गेले ते वेगळेच. म्हशीत हे चढणं फार कमी. तिचा माज मुका, म्हणून नागपुरी आणि पूर्णाथडी म्हशीवाले जास्त फसतात.

पण याला 'समलैंगिकता' म्हणायचं का? मी म्हणणार नाही. रक्तात माजाचं संप्रेरक वाढलं की गाय चढते. बीजांडावर गाठ धरली तर काही वेळा वरचेवर चढते, सांडासारखी हंबरते, पायाने माती उकरते. तो आजार आहे, त्याला औषध आहे. अशी गाय 'अवदसा' म्हणून बाजारात काढणारे अजून आहेत. आधी तपासून घ्या.

आता पारावरची एक गोष्ट. २०१८ ची, पोळ्याच्या आगेमागे. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला, दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढून टाकला होता. गावात त्यावर बोलणं कोर्टासाठी नव्हतं, एका घरासाठी होतं. त्या घरातला मुलगा पुण्याहून पोळ्याला आला होता आणि त्याचं कोणाला तरी कळलं होतं. पारावर सप्ताहातले एक बुवा बसलेले. ते म्हणाले, "ढोरंबी असं करत नाईत." मुलाचे वडील खाली बघत तंबाखू मळत होते. मुलगा मोटरसायकलला टेकून उभा.

बुवांना मी उत्तर दिलं ते कांडीचं. ते सगळं सांगतो, कारण तुम्ही त्याच कांडीच्या भरवशावर दूध काढता.

वीर्य केंद्रात वळूसमोर गाय बांधत नाहीत. माजावरची गाय रोज कुठून आणायची? आणि सहा-सातशे किलोचं धूड वारंवार अंगावर घेतलं तर तिची कंबर जाईल. म्हणून बहुतेक ठिकाणी लोखंडी कठड्यात दुसरा नर उभा करतात, वळू नाहीतर खच्ची केलेला बैल. वळूला धुऊन आणतात, पोटाखालचे लांब केस आधीच कापलेले असतात. तो वास घेतो आणि चढतो. पहिल्यांदा त्याला काही करू देत नाहीत, लिंग हाताने बाजूला वळवून खाली उतरवतात. थोडं थांबवून पुन्हा तसंच. या खोट्या चढाईने शुक्राणू वाढतात, घाई केली की पातळ माल येतो. मग कृत्रिम योनी पुढे धरतात. ती म्हणजे जाड रबराची नळी, आत मऊ रबराचं अस्तर आणि दोन्हींच्या मध्ये गरम पाणी. आतलं तापमान ४२ ते ४५ अंश. त्याहून गरम झाली तर वळू पोळतो आणि पुढल्या खेपेला चढायलाच तयार होत नाही, गार राहिली तर काही निघत नाही. एका वेळी पाच मिली निघालं आणि मिलीला शंभर कोटी शुक्राणू धरले तर पाचशे कोटी होतात. एका कांडीत दोन कोटी लागतात, म्हणजे अडीचशे कांड्या. त्या उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात जातात. तिथून तुमच्या दारात येतात, ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद ठेवून कोमट होतात आणि तुमच्या गाईत जातात. वळूला कंटाळा आला तर समोरचा नर बदलतात, की गडी पुन्हा उत्साहात.

म्हणजे, बुवा, तुमच्या घरच्या चहातलं दूध कुठून आलं?

पार हसला. खूप वेळ हसला. बुवाही हसले, खोटं कशाला सांगू.

पांगापांग झाल्यावर मुलगा जवळ आला. म्हणाला, "काका, तुमी माह्या बाजूनं बोल्ले, समजलं मले. पण बुवानं मले ढोराच्या खाली ठेवलं, अन् तुमी ढोराच्या बरोबरीत आणलं. लोकं हसले ते बुवावर नाई हसले."

यावर काय बोलायचं? त्या वेळी राग आला होता. तुझी बाजू घेतली आणि वर तुझंच ऐकायचं! अजूनही वाटतं की उत्तर द्यायलाच हवं होतं, खोट्याला खोटं म्हणायला नको का? पण शेवटचं वाक्य त्याचं बरोबर होतं. लोक वळूच्या गमतीवर हसले, आणि त्या गमतीच्या शेजारी तो उभा होता.

शिवाय तो युक्तिवाद लबाडीचा होता, हे बुवांना कळलं नाही, मला कळायला हवं होतं. वळूला नर आवडतो म्हणून तो चढत नाही. चार पायांवर उभी कमान दिसली की शिकवलेला वळू चढतो. कातडं पांघरलेल्या लोखंडी सांगाड्यावरही चढतो. त्यातून सांगाड्याची आवड सिद्ध होत नाही.

आवड तपासायची रीत वेगळी आहे, आणि ती मेंढ्यांत झाली आहे. अमेरिकेत मेंढे एकेक करून अशा जागी सोडले जिथे माजावरच्या मेंढ्याही बांधलेल्या आणि नरही बांधलेले, आणि तो कोणाकडे जातो ते पुन्हा पुन्हा मोजलं. शंभरातले आठेक मेंढे दरवेळी नराकडेच गेले. मादी हाताशी, समोर, माजावर, तरीही. २००४ मध्ये अशा मेंढ्यांच्या मेंदूचा अभ्यास छापून आला. लैंगिक वागण्याशी संबंध असलेला पेशींचा एक पुंजका मादीकडे जाणाऱ्या मेंढ्यांच्या मानाने त्यांच्यात निम्म्याएवढाच निघाला. कारण काय आणि परिणाम काय, ते तेवढ्यावरून ठरत नाही. पण ही सवय नव्हे, कोंडल्यामुळे झालेली चूकही नव्हे.

मेंढपाळाला यात नवीन काही नाही. तो फक्त "कामाचा नाई" म्हणतो आणि खाटकाला देतो. तुमच्या कळपात २५-३० मेंढ्यांना एकच नर असेल आणि तो असा निघाला तर अख्खा हंगाम जातो. दोन-तीन नर असतील तर कळतही नाही. आणि घाईने ठरवू नका. आधी खूर बघा, खूर सडलेला मेंढा कोणावरच चढत नाही. उन्हाळा बघा, आपल्याकडच्या ४५-४६ अंशांत चांगला नरही थंडावतो. खुराक बघा. सगळं ठीक असून तो नराच्याच मागे जात असेल, तर तो तसा आहे.

हे पारावर सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं. ऐकलंही नसतं.

आता बुवांकडे. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: "असंन ढोरायत. मंग मान्सानं ढोरावानी वागाचं काय?" हा प्रश्न चांगला आहे, आदल्या दिवशीच्यापेक्षा खूपच चांगला. आहार, निद्रा, भय, मैथुन ही माणसात आणि पशूत सारखी, माणसात धर्म तेवढा जास्त, हे सुभाषित कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकतो. ते मान्य केलं तर ढोरं काय करतात याला काडीची किंमत राहत नाही. आणि निसर्ग काही साधुसंत नाही. डुकरीण पिल्लं खाते. १९११-१२ च्या सुमाराला अंटार्क्टिकात गेलेल्या लेविक नावाच्या इंग्रज डॉक्टरने पेंग्विनांचे नर नरांवर चढताना आणि मेलेल्या माद्यांवरही चढताना पाहिले. हे कोणी सहज वाचू नये म्हणून त्याने काही नोंदी ग्रीक अक्षरांत लिहिल्या. त्यावरचा त्याचा लेख लोकांपुढे आला थेट २०१२ मध्ये. शंभर वर्षं निसर्गच निसर्गात बसत नव्हता! त्या पेंग्विनांकडून कोणी काय शिकावं?

तेव्हा बुवांचं दुसरं म्हणणं मला मान्य आहे. पण मग पहिलं सोडावं लागतं. 'ढोरंही करत नाहीत, म्हणून वाईट' आणि 'ढोरं करतात, म्हणून वाईट' ही दोन्ही एकाच तोंडातून निघाली तर ढोरांचा विषयच नव्हता, निकाल आधीच लागलेला होता. बुवांनी अजून एकही सोडलेलं नाही. मी तरी कुठे सोडलं? कोणी पहिलं वाक्य म्हटलं की माझ्या तोंडावर अजून कांडीच येते.

तिसरं म्हणणं लेकरांचं: संबंध वंशासाठी, बाकी सगळं निसर्गाविरुद्ध. हे पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहून म्हणायचं म्हणजे कमाल आहे. ज्याला हळद-तूप लावून खांदेमळणी करतो, ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, पुरणपोळी भरवतो, त्याची वृषणाकडे जाणारी शीर आपणच चिमट्याने दाबून तोडलेली असते. निसर्गाने दिलेल्यातलं नेमकं तेच काढून घेतल्यावर तो आपला नंदी होतो. माझी तक्रार नाही, शेती त्याच्यावर चालली. पण 'निसर्ग' हा शब्द तिथे तरी जपून वापरावा.

कायद्यानेही तो शब्द वापरला होता. १८६० च्या त्या कलमात निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधासाठी पुरुष, स्त्री आणि जनावर एकाच ओळीत होते. २०१३ मध्ये ते कलम कोर्टाने टिकवलं, २०१८ मध्ये छाटलं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत ते नाहीच. निसर्गक्रम म्हणजे काय, त्याची व्याख्या कलमात १८६० पासून शेवटपर्यंत नव्हती.

मुलगा म्हणाला होता ते मला अजून सुटलेलं नाही. ढोरांचा दाखला द्यायचा नाही, तर पारावर दुसरा कोणता दाखला चालतो? माणसाचा दाखला तर समोर मोटरसायकलला टेकून उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

त्याचे वडील त्या संध्याकाळी शेवटी उठले. तंबाखू तोंडात टाकली, मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलतील. म्हणाले, "गाय दुपारपासून उभी राहून रायली. कांडी आताच भराची का सकायी?"

सकाळी, म्हटलं.