पिवळं पुस्तक घेऊन मिरज ते झ्युरिक: चेक-इन काउंटरवरचे दोन तास दहा मिनिटं

परवा पहाटे घरी आले, झोप अजून पुरी झालेली नाही, पण आत्ताच लिहून टाकते कारण चार दिवसांनी राग उतरला की अर्ध्या गोष्टी विसरायला होतात. व्हिसाचा फॉर्म, बँक स्टेटमेंट, थंडीचे कपडे या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतेय, त्यावर काही लिहीत नाही. तिबेटी माणसाबरोबर किंवा तिबेटी माणूस म्हणून पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी हे आहे.

माझी मैत्रीण मिरजेत माझ्याच वॉर्डात नर्स आहे. जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पातला, नर्सिंग मिरजेत केलं, मराठी माझ्यासारखंच बोलते आणि कानडी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. थंडीत सांगलीत स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात ना, त्यातली दोघं तिच्या नात्यातली. तिचे मामा स्वित्झर्लंडमध्ये रिकॉनला असतात, वय ७९, मार्चमध्ये घरात पडले आणि मांडीचं हाड मोडलं, म्हणून आम्ही दोघी निघालो. ती एकटी गेली असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

तिच्याकडे पासपोर्ट नाही. आयसी आहे, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट, पिवळ्या कव्हरचं पुस्तक, भारत सरकारच देतं आणि दिल्लीच्या पासपोर्ट ऑफिसातून निघतं. हे का, तर १९५१ चा निर्वासितांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यावर भारताची सहीच नाही. ज्या देशांनी सही केली ते त्या कराराच्या कलम २८ प्रमाणे निर्वासितांना प्रवासाचं पुस्तक देतात. आपल्याकडे तिबेटी लोकांसाठी ही वेगळी सोय. आणि यात घरातल्या घरात कसं होतं बघा, तिचा थोरला भाऊ १९८६ चा, ती १९९१ ची, दोघांचाही जन्म मुंडगोडचाच, आईवडील दोघंही तिबेटमधून लहानपणी चालत आलेले. नागरिकत्व कायद्यात २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, म्हणून दिल्ली हायकोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर भावाने अर्ज केला आणि त्याला निळा भारतीय पासपोर्ट मिळाला. ती त्या तारखेनंतर चार वर्षांनी जन्मली म्हणून पिवळं पुस्तक. एका आईची दोन लेकरं. तुमच्या ओळखीत कुणी त्या तारखेच्या आधीचं असेल तर आयसीच्या मागे लागायच्या आधी पासपोर्टचं विचारा.

आता एजंट. सांगलीतला, नाव लिहीत नाही. चौदा हजार घेतले. विमानाचं तिकीट वेगळं, व्हिसाची फी ९० युरो वेगळी, सेंटरचा चार्ज वेगळा, हे चौदा हजार फक्त 'निर्वासित स्पेशल केस' म्हणून. मी विचारलं की यात स्पेशल काय करणार, तर म्हणाला, "ताई, आयसी म्हणजे पासपोर्टच समजा, तुमच्या फाईलसारखीच फाईल, फक्त वर बोलणं करावं लागतं." माझ्या फाईलचे त्याने तीन हजार घेतले. म्हणजे त्याच फॉर्मचे, त्याच पुण्याच्या सेंटरचे, तिचे अकरा हजार जास्त, कारण तिला कुठे विचारायचं ते माहीत नाही हे त्याला माहीत होतं. वर बोलणं वगैरे काहीही नसतं. फॉर्म आम्हीच भरला, बोटांचे ठसे तिनेच जाऊन दिले, हॉस्पिटलचं रजेचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा तिनेच गोळा केल्या. एजंट नको. नकोच. माझं स्पष्ट मत आहे.

पैशापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे त्याने रिटर्न व्हिसाचं सांगितलंच नाही. भारतीय पासपोर्टवाला परत येताना कुणाची परवानगी घेत नाही. आयसीवाल्याला घ्यावी लागते. बाहेर जायला एक्झिट परमिट आणि परत यायला रिटर्न व्हिसा, दोन्ही निघायच्या आधी, एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसाकडून. हे नसेल तर विमानात बसणं अवघड आणि बसलाच तर परत येणं त्याहून अवघड. एजंटचं म्हणणं होतं की आयसीच्या आत 'नोरी'चा शिक्का आहे, परत यायला हरकत नाही असा, त्यावर चालतंय. नाही चालत. मुंडगोडच्या एका काकांनी फोनवर सहज विचारलं, "रिटर्न व्हिसा झाला का गं?" तेव्हा आम्हाला कळालं, आणि तेव्हा प्रवासाला एकोणीस दिवस राहिले होते. ड्युटीवरून येऊन रात्री अकरा वाजता माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही ई-एफआरआरओच्या पोर्टलवर अर्ज भरला, फोटो साईज मोठी म्हणून चार वेळा अपलोड फेल, ती रडायच्या बेतात आणि मी चहा करत होते. मंजुरी यायला अकरा दिवस लागले. एवढी रिस्क तुम्ही घेऊ नका.

क्रम असा लक्षात ठेवा. सगळ्यात आधी आरसी म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, सरकारकडे नोंद असल्याचा कागद, चालू पाहिजे, ती संपत आली असेल तर पुढचं काहीच करू नका, आधी ती रिन्यू. जिल्ह्यात ही नोंद एसपी ऑफिसच करतं, त्याला एफआरओ म्हणतात, मैत्रिणीने मिरजेत नोकरी लागल्यावर आरसी सांगलीला ट्रान्सफर करून घेतली होती म्हणून सोपं गेलं. मग आयसी, त्यात दोन पानं कोरी आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक. मग शेंगेनचा, म्हणजे स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो व्हिसा, इन्शुरन्स ३०,००० युरोचा लागतो, निर्णयाला नियमाने पंधरा दिवस पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो, सहा महिने आधी अर्ज करता येतो तर करा. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी एक्झिट परमिट आणि रिटर्न व्हिसाचा अर्ज. आणि सगळ्याचे कागदी प्रिंट, मोबाईलवर अवलंबून राहू नका.

आता काउंटर. सकाळी मिरजेहून कोयना एक्सप्रेसने निघालो, रात्री सीएसएमटी, तिथून विमानतळ. विमान पहाटे ४:२०, एजंटने आखातातून बदलायचं दिलं होतं कारण स्वस्त (आणि बहुतेक त्याचं कमिशन). साडेबाराला काउंटर उघडलं, आमचा नंबर सातवा, १२:४० ला माझा बोर्डिंग पास आला. चार मिनिटं लागली. मग तिचं पुस्तक. मुलीने उलटून पालटून बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हा पासपोर्ट नाहीये." मैत्रीण म्हणाली, हो, आयसी आहे. "इंडियन आहात ना? मग पासपोर्ट द्या." मग तिने संगणकात काहीतरी टाईप केलं, मग शेजारच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला चायना टाकून बघ. चायना! मैत्रिणीचा चेहरा मी बघितला तेव्हा. जिचे आईवडील तिथून पळून आले, जिने तो देश नकाशातच बघितलाय, तिच्यासाठी हा शब्द. ती फक्त हळू म्हणाली, "चायना नका टाकू."

बाजूला उभं केलं. बॅगा पट्ट्यावरून दोनदा खाली काढल्या, एकीत मामांसाठी दोन किलो सांगलीची हळद आणि भडंगाचे पुडे, पुडा फुटून चुरमुरे सांडले ते ती खाली बसून वेचत होती आणि मागची लाईन तिच्याकडे बघत होती. एक सुपरवायझर आला, गेला. दुसऱ्याने फोन लावला. दीड वाजला. दोन वाजले. तिसऱ्याने विचारलं, "रेफ्युजी आहात तर यूएनचं कार्ड कुठाय?" हे आणखी एक. दिल्लीत यूएनएचसीआरचं, म्हणजे यूएनच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, जे कार्ड मिळतं ते ओळखीचं कार्ड आहे, प्रवासाचा कागद नाही, त्यावर कुणालाही विमानात बसता येत नाही, आणि तिबेटी लोकांकडे ते नसतंच, त्यांची नोंद सरकारकडे असते. पुण्यात शिकणाऱ्या एका अफगाण मुलाला मी ओळखते, त्याच्याकडे कार्ड आहे, पासपोर्टची मुदत गेलेली, तो कुठेच जाऊ शकत नाही.

काउंटरवाले एवढे का घाबरतात ते नंतर समजलं. माणूस पलीकडे उतरल्यावर कागद चालले नाहीत तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणायचं तिच्याच गळ्यात. म्हणून माहीत नसलेलं पुस्तक दिसलं की नाही म्हणणं सोपं.

शेवटी जे कामाला आलं ते नीट वाचा. चौथा माणूस आला, वयस्क होता, मी त्याला तिचं पुस्तक उघडून व्हिसाचं पान दाखवलं आणि म्हटलं, "दादा, हे स्टिकर कुठे चिकटवलंय बघा. याच पुस्तकात." कारण एखाद्या शेंगेन देशाला तुमचं पुस्तक मान्य नसेल तर ते व्हिसा पुस्तकात लावतच नाहीत, वेगळ्या कागदावर लावून देतात. पुस्तकात स्टिकर आहे याचा अर्थ स्वित्झर्लंडला हे पुस्तक मान्य आहे. त्याने स्टिकरवरचा नंबर आणि आयसीचा नंबर बोट ठेवून आकडा आकडा जुळवला, रिटर्न व्हिसाचा प्रिंट बघितला, एक्झिट परमिट बघितलं, आणि त्या मुलीला म्हणाला, पासपोर्ट नको सिलेक्ट करू, खाली दुसरं डॉक्युमेंट आहे ते घे. झालं. २:५० ला बोर्डिंग पास. दोन तास दहा मिनिटं. ३:२० ला काउंटर बंद होणार होतं. युरोपियन युनियन कुठला देश कुठलं पुस्तक मान्य करतो याचा तक्ता छापतं, तोही प्रिंट करून न्या, आमच्याकडे नव्हता.

आणि डायरेक्ट विमान घ्या, मुंबई झ्युरिक थेट जातं. मधला प्रत्येक देश म्हणजे त्याच पुस्तकाची आणखी एक चौकशी. पंधरा वीस हजार जास्त जाऊ देत. आमच्याकडे असते तर मी त्या रात्री पन्नासही दिले असते.

तिकडचे बारा दिवस छान गेले, मामा वॉकर घेऊन चालायला लागलेत, हळद बघून खूश झाले. रिकॉनच्या भांड्यांच्या कारखान्याने साठच्या दशकात तिबेटी लोकांना काम आणि घरं दिली, मामाही तिथेच रिटायर झाले. पण एक गोष्ट सांगायला पाहिजे. मामांचा एक पुतण्या तिथे दोन वर्षांपूर्वी आलाय, त्याचा आश्रयाचा अर्ज अजून चालू आहे. एका रविवारी सगळे सीमेपलीकडे जर्मनीत कॉन्स्टान्झला निघाले, ट्रेनने तासभराचं अंतर, आणि तो घरी थांबला. अर्ज चालू असताना देश सोडता येत नाही, कागद ऑफिसात जमा. मैत्रीण पिवळ्या पुस्तकावर सीमेपलीकडे जाऊ शकत होती आणि तो तिथे राहूनही नाही. ज्यांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली त्यांना निळं प्रवासी पुस्तक मिळतं, पण ज्या देशातून पळून आले तिथे जायचं नाही, गेलात तर संरक्षण जाऊ शकतं. कुणाच्या घरी कुणी वारलं तरी. तुमच्या ओळखीत कुणी असा अर्ज टाकून बसला असेल तर लग्नाबिग्नाला बोलावून त्याला भरीस पाडू नका, वकिलाला विचारल्याशिवाय त्याने बॅग भरायची नाही. इंग्लंडमध्ये तर अर्ज चालू असताना देश सोडला की अर्ज मागे घेतला असं धरतात.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो लोक आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात येऊन राहिले होते, त्यांच्या आजारी मुलांची सोय पाचगणीत होती. आपल्या भागाला परकी माणसं सांभाळायची सवय आहे. म्हणूनच त्या एजंटचा मला जास्त राग येतो.

परतीला झ्युरिकच्या काउंटरवर सहा मिनिटं लागली. मुंबईत उतरल्यावर मी भारतीयांच्या लाईनीत आणि ती परदेशी लोकांच्या, हातात अरायव्हल कार्ड. त्यावर जन्मठिकाण म्हणून तिने मुंडगोड लिहिलं. मी बाहेर पट्ट्याजवळ पन्नास मिनिटं थांबले, दोघींच्या बॅगा उतरवून घेतल्या. ऑफिसर चांगला होता, रिटर्न व्हिसा बघितला, शिक्का मारला आणि तिला म्हणाला, "घरी पोचा आता." कनेक्टिंग गाडी लगेच बुक करू नका, दोन तासांची फट ठेवा, आमची बस चुकली आणि बाराशे गेले.

एजंटकडे काल जाऊन आले. जास्तीच्या अकरा हजारातले पाच हजार परत दिले, बाकीच्या सहाला 'पुढच्या आठवड्यात' म्हणतोय. मैत्रीण म्हणते जाऊ दे. मी सोमवारी परत जाणार आहे.