आत्याच्या ताब्यातली डबी

सकाळी उठलो तर आत्याचा फोटो येऊन पडला होता. गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेली कागदाची लांबलचक पट्टी, दोन बोटं रुंद. तिच्यावर पंधरा-वीस जणांच्या सह्या, त्यातल्या निम्म्या शाई फुटून निळे डाग झालेल्या. खाली एकच ओळ : "पुन्हा ओली. दोष झाकणाचा नाही, माणसांचा आहे."

आत्या प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत राहते. मी श्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला. मध्ये साडेसहा हजार किलोमीटर आणि उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आणि आमच्या दोघांच्या मालकीची एक डबी, जी तिच्या सोसायटीच्या आवाराच्या भिंतीपाशी कुठेतरी आहे. कुठे ते सांगणार नाही. सांगितलं तर खेळच संपला.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. इकडे जर्मनीत घरटी एकाला तरी ठाऊक असतं, पुण्यात अजून विचारावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत नीट दाखवू लागली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले : शोधा, आत काही मिळालं तर घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा. त्या बादलीत शिजवलेल्या घेवड्याचा एक डबाही होता म्हणे. आज तो चालला नसता, कारण खाण्याची वस्तू ठेवायला आता सक्त मनाई आहे. मुंग्या, उंदीर, कुत्री हे सगळे माणसाच्या आधी पोचतात.

मला हा नाद इथे लागला. जर्मनीतल्या रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान, माणसाला जंगलाशिवाय दुसरीकडे जायला जागा नाही. ऑफिसातल्या एकानं पहिल्यांदा नेलं तेव्हा बीच वृक्षाच्या मुळांत हात घालून डबा काढला, आणि मी चाळिशीचा बाप्या चक्क टाळ्या पिटल्या. पण मनात राहिलं ते दुसरंच. परतताना एक सत्तरीचं जोडपं भेटलं. पाठीवर पिशवी, पिशवीत कागदाच्या सुरळ्या, चिमटा, फडकं, जुना टूथब्रश. स्वतः लपवलेल्या डब्यांच्या फेरीवर निघाले होते. डबा उघडायचा, पुसायचा, भरलेली वही काढून कोरी ठेवायची, पुढे चालायला लागायचं. आजोबा म्हणाले, लपवायला तासभर पुरतो, सांभाळायचं काम मात्र निवृत्तीनंतरच जमतं. मी हसलो होतो.

२०१९च्या डिसेंबरात पुण्याला आलो तेव्हा वाटलं, आपलीही एक असावी. प्रभात रस्ता ज्या प्रभात फिल्म कंपनीच्या नावानं आहे, ती १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३मध्ये पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आत्याच्या घरापासून चालत जाण्यासारखं. खेळाच्या वेबसाइटवर प्रत्येक डबीचं एक पान असतं, त्यावर हे लिहायचं, बाहेरून आलेला माणूस त्या निमित्तानं गल्लीबोळांतून हिंडेल, असा बेत. माहिती भरली, पाठवली. पाने तपासणारे स्वयंसेवक असतात, त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. डबी पुण्यात आणि तुम्ही जर्मनीत, तर पाऊस-वाऱ्यानंतर तिच्याकडे बघणार कोण? सुट्टीत लपवून निघून जाणाऱ्यांच्या डब्या आम्ही सहसा घेत नाही. स्थानिक माणसाचं नाव द्या. शिवाय जागामालकाची परवानगी.

आत्याला विचारलं, "तू बघशील का गं? महिन्यातून एकदा."

"मी दूध आणायला रोज तिथूनच जाते. महिन्यातून एकदा बघायला ते काय पंचांग आहे?"

परवानगीचा मामला मात्र रंगला. जागामालक म्हणजे सोसायटी, सोसायटी म्हणजे मासिक सभा. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय आमचा. आत्यानं उभं राहून सांगितलं की भाच्याला भिंतीपाशी कॅश ठेवायची आहे. खजिनदारांनी चष्मा काढला. रोख रक्कम सोसायटीच्या भिंतीत? कशाला? पावती? खेळात लपवलेल्या डब्याला कॅश म्हणतात, पण हा शब्द मराठीत उच्चारावा तसा पैशाचाच होतो, त्याला इलाज नाही. दहा मिनिटं गेल्यावर इतिवृत्तात "डबी" असं लिहायचं ठरलं आणि तेव्हापासून आमच्या घरात ती डबीच.

हसण्यावारी नेलं तरी एका सभासदाची शंका रास्त होती. २०१० साली कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीतला स्फोट बेवारस पिशवीतूनच झाला होता. या शहरात भिंतीत खुपसलेली अनोळखी वस्तू ही गंमत नसते. म्हणून ठराव झाला : डबी पारदर्शक हवी, वर मराठीत नाव आणि ती काय आहे ते लिहिलेलं हवं, खोदकाम करायचं नाही. गंमत म्हणजे खेळाचे स्वतःचे नियमही जवळपास हेच सांगतात. फक्त ते मी वाचले नव्हते, सभासदांना न वाचता सुचले.

पहिली डबी तुळशीबागेतून आणली होती, चारी बाजूंनी खटके लागणारी. सहा महिने टिकली. उन्हानं प्लास्टिक कडक झालं आणि एकेक खटका बिजागरीपाशी तुटला. त्यातच २०२०ची टाळेबंदी आली. कोणी शोधायला आलं नाही, आत्या गॅलरीतून नुसती भिंतीकडे बघायची. मग पावसाळा. तिच्या हातात डबी पुन्हा आली तेव्हा आत पाणी, पाण्यात वही, वहीवर बुरशी.

इथे सांगायला हवं की आत्यानं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढली आहेत. तिला ओलावा हा शत्रू ओळखीचा. मी अभिमानानं पाठवलेली सिलिका जेलची पुडी तिनं आत ठेवली, पण रंग बदलणारी निळी खडी वापरून. जुलैत नवव्या दिवशी खडी गुलाबी. स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर तापवून पुन्हा निळी केली, पुन्हा आठ-दहा दिवसांत गुलाबी. तिचा निकाल असा : झाकण उघडझाप होणाऱ्या डबीत सिलिका म्हणजे चार दिवसांची पाहुणी, नंतर तीच ओल धरून बसते. काढून टाक. इकडचे जुने लोकही हेच सांगतात, पण त्यांनी खडीचा रंग बघून सांगितलेलं नाही.

मग मी इथून पेटलिंग नेल्या. शीतपेयाची बाटली फुगवण्याआधी जी जाड काचनळीसारखी दिसणारी प्लास्टिकची नळी असते ना, तीच. वीतभराहून थोडी कमी, अंगठ्याहून जाड, वर आट्यांचं झाकण. तोंड लहान म्हणून पाणी शिरायला वाव कमी. आत्यानं झाकणातल्या रबरी कड्याला प्रयोगशाळेत काचेच्या तोट्यांना लावतात ते ग्रीस लावलं आणि शाईचं पेन हद्दपार करून आत बोटभर पेन्सिल ठेवली. "आमच्याकडे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनंच लिहायचो. शाई जाते, शिसं राहतं."

तरी वही ओली व्हायचीच. दोन पावसाळे आम्ही झाकणावर खापर फोडलं. मग एकदा आत्यानं उघडण्याआधी डबी नीट न्याहाळली आणि तिला दिसलं : कागदाच्या सुरळीचं टोक आट्यांमध्ये चिमटलं गेलेलं, केसभर बाहेर आलेलं. समईच्या वातीसारखं ते बाहेरचं पाणी आत ओढत होतं. झाकण घट्ट, ग्रीस जागच्या जागी, आणि आत चिखल. शोधणारा सही करून घाईनं सुरळी कोंबतो आणि झाकण फिरवतो, बस. आता ती सुरळी नळीपेक्षा आखूड काडीवर गुंडाळून दोऱ्यानं बांधते आणि पट्टीच्या सुरुवातीला मराठी-इंग्रजीत लिहिते : "आधी गुंडाळा. मग बांधा. मग आत. मग झाकण." फोटोतली ओळ त्यामुळे होती. कोणीतरी बांधलं नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या नालायकीबद्दल. डबीत काही बिघाड असल्याचं कोणी कळवलं की तिच्या पानावर पान्ह्याचं लाल चिन्ह लागतं. मालकानं जाऊन दुरुस्ती केली आणि तशी नोंद टाकली की ते जातं. पण नोंद टाकायला जावं लागतंच असं नाही, घरी बसून एक बटण दाबलं की झालं. २०२२च्या मार्चमध्ये एकानं "सापडली नाही" असं लिहिलं, पाठोपाठ दुसऱ्यानं. आत्याला तेव्हा ताप होता. मी मनाशी म्हटलं, नवखे असतील, असेल तिथेच. आणि लिहून टाकलं : पाहिली, जागेवर आहे.

पुढच्या शनिवारी चाकणच्या एका कारखान्यात कामाला आलेला एक जर्मन तरुण ती नोंद वाचून टॅक्सीनं प्रभात रस्त्यावर आला. तीसेक किलोमीटर, शनिवारची गर्दी. अर्धा तास भिंतीपाशी वाकून-उठून शोधत होता. आत्याला असे लोक गॅलरीतून ओळखू येतात, फोन पुढे धरून झपझप चालत येतात आणि एकदम पावलं टाकायची थांबतात. ती खाली गेली. डबी नव्हतीच. भिंतीला रंग देणाऱ्यांनी कधीच काढून टाकली होती. आत्यानं त्याला वर नेलं, चहा दिला, दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीतलं पान फाडून त्यावर सही घेतली आणि पाहुणा दारात असतानाच मला फोन लावला. इथे शनिवारची सकाळ होती, मी अंथरुणात.

"तू लिहिलंयस की पाहिली. कोणी पाहिली?"

मी गप्प.

"मी पाहिली नाही. तू तिथे. मग कोणी पाहिली?"

त्या तरुणानं नंतर पानावर जर्मनमध्ये लिहिलं की डबी मिळाली नाही, पण आल्याच्या चहाबद्दल आणि मालकाच्या आत्याबद्दल आभार. मला आत्यासाठी भाषांतर करून पाठवावं लागलं. शब्द न शब्द, तिच्या आज्ञेवरून.

नवी डबी ठेवेपर्यंत मी पान तात्पुरतं बंद केलं, आणि ते करायला आधीच हवं होतं. एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं : डबी सध्या जागेवर नाही, येऊ नका. महिनाभराची सवलत सहसा मिळते, त्यात काही हालचाल दिसली नाही तर तपासनीस पान कायमचं बंद करतात. याच्या उलट प्रकारही आम्ही पाहिला. एका सद्गृहस्थांना डबी सापडली नाही, म्हणून त्यांनी खिशातली फिल्मच्या रिळाची रिकामी डबी भिंतीत खुपसली, त्यात स्वतः सही केली आणि "सापडली" लिहून मोकळे झाले. आमची चार हातांवर सुखरूप होती. पुढचे दोघे चुकीच्या डबीत सह्या करून गेले. आत्या अजून त्या सद्गृहस्थांचं नाव घेत नाही, नुसतं "तो परोपकारी" म्हणते.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाकायला बंदी आली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीनं फेरी मारली. आत्या काळा चष्मा लावून गॅलरीत उभी, वरून सूचना : "डावीकडे नाही गं, तुझं डावं! झाकण पूस आधी." सगळ्या गल्लीला डबी कुठे आहे ते त्या दिवशी कळलं असावं. कुणी हात लावला नाही.

साडेपाच वर्षांत एकतीस सह्या. इथल्या माझ्या जंगलातल्या डब्याला तेवढ्या एका उन्हाळ्यात मिळतात. पण तिथल्या एकाही सहीचा माणूस मला माहीत नाही, आणि पुण्यातल्या निम्म्यांना आत्यानं काय प्यायला दिलं तेही ठाऊक आहे.

आता सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे. गल्लीतल्या बहुतेक इमारती गेल्या, हिचीही पाळी आली. भिंत पडणार. मी आत्याला म्हटलं, आपण पान कायमचं बंद करून टाकू, डबी काढून घे. एकदा बंद झालं की सहसा परत उघडत नाहीत, पण निदान कोणाची खेप फुकट जाणार नाही. १६१ मीटरच्या आत जागा हलवली तर अक्षांश-रेखांशांचे आकडे मलाच बदलता येतात, पण तेवढ्यात दुसरी भिंत कुठून आणायची?

"काढून कशी टाकशील?" ती म्हणाली. "ठराव आहे. रद्द करायला सभा लागेल."

सभा झाली. बिल्डरकडे द्यायच्या मागण्यांची यादी आत्यानं मला फोटो काढून पाठवली. दोन लिफ्ट, प्रत्येकी एक पार्किंग, पावसाच्या पाण्याची टाकी, जिन्यात उजेड. अकराव्या क्रमांकावर, खजिनदारांच्या अक्षरात : "नवीन कुंपणभिंतीत रस्त्याच्या बाजूने डबीसाठी खोबण. मापे सोबत जोडली आहेत."

बांधकाम होईपर्यंत पान तात्पुरतं बंद ठेवलंय. तपासनिसांना तसं कळवलं, किती महिने सवलत देतात बघू. भाड्याचं घर आत्यानं दोन गल्ल्या सोडून घेतलं आहे. दूध मात्र जुन्याच डेअरीतून आणणार म्हणते.